पेढीवरील संगणकाची कार्यप्रणाली बदलताना

आपल्या संघाच्या सभासदांत, ज्याच्या पेढीवर संगणक नाही असा व्यापारी आज शोधूनही सापडणे कठीण. दिवाळीस वहीपूजन करताना लाल वहीबरोबर आता संगणकासही हळदकुंकू लावण्याची चाल पडली आहे, आणि ती योग्यच होय. कारण पेढीचे येणे-देणे सांप्रत त्याच यंत्राच्या पोटात असते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, म्हणजे ऐन दिवाळीच्या तोंडावर, मायक्रोसॉफ्ट कंपनीने 'विंडोज १०' या कार्यप्रणालीची सर्वसाधारण देखभाल थांबविली. तेव्हापासून अनेक सभासद बंधू आम्हांस विचारीत आले आहेत की, नव्या आवृत्तीची सूचना पडद्यावर येते, ती स्वीकारावी की नाकारावी?

आम्ही संगणकशास्त्राचे पंडित नव्हे. बेळगावच्या रविवार पेठेत किराणा-भुसाराचा घाऊक व्यापार करणारे आम्ही साधे दुकानदार. परंतु या बाबतीत आम्हांस एकदा चांगलीच ठेच लागली असून, त्यानंतर जे शिकलो ते आपल्यापुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

देखभाल संपली म्हणजे काय?

संगणकावर हिशेबाची प्रणाली चालते, छपाईयंत्र बिल काढते, वजनकाटा आकडा पाठवितो. या सर्वांस एकत्र नांदविणारी व यंत्राकडून काम करवून घेणारी जी मूळ प्रणाली, तीस कार्यप्रणाली अथवा ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. पेढीचीच उपमा द्यावयाची तर ती वखारीच्या कारभाऱ्यासारखी होय. माल कोणाचाही असो, तो कोणत्या खणात ठेवावा, किल्ली कोणास द्यावी, दार केव्हा लावावे, हे कारभारी ठरवितो. कारभारी बदलला की जुन्या हमालांस त्याची भाषा कळेलच असे नाही, आणि जुन्या खणांतील माल त्यास सापडेलच असेही नाही. कार्यप्रणाली बदलताना ज्या अडचणी येतात, त्या बहुतेक याच दोन प्रकारांच्या असतात.

देखभाल संपली म्हणून संगणक बंद पडत नाही. तो पूर्वीप्रमाणेच चालत राहतो, आणि त्यामुळेच पुष्कळांची फसगत होते. प्रत्येक कार्यप्रणालीत काही दोष राहून गेलेले असतात. ते उजेडात येतील तसतशी कंपनी दरमहा दुरुस्ती पाठवीत असते. देखभाल संपल्यावर ही दुरुस्ती येणे थांबते. वखारीच्या भिंतीस भगदाड पडले आहे, चोरास ते ठाऊक झाले आहे, परंतु गवंडी यापुढे येणार नाही, अशी ती अवस्था असते. विंडोज एक्सपीची ही अवस्था ८ एप्रिल २०१४ रोजी झाली, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी, आणि आता विंडोज १० ची.

हे भय काल्पनिक नव्हे. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर विषाणूने दीडशेहून अधिक देशांतील संगणकांत शिरून तेथील माहिती कुलूपबंद केली व ती सोडविण्यासाठी पैसे मागितले. ज्या दोषाच्या वाटेने तो शिरला, त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी प्रसिद्ध केली होती. ज्यांनी ती बसवून घेतली होती, त्यांच्या यंत्रांची ती वाट बंद झालेली होती. विंडोज एक्सपी वापरणाऱ्यांस मात्र ती तेव्हा सर्रास मिळालीच नव्हती. हल्ला झाल्यानंतर कंपनीने अपवाद म्हणून ती सर्वांस खुली केली. यास्तव बदल करावा की न करावा, हा प्रश्नच उरत नाही. बदल केलाच पाहिजे. प्रश्न आहे तो, कोणत्या तयारीने करावा, हा.

आमच्या पेढीवर घडलेला प्रकार

इ. स. २०२० च्या जानेवारीत विंडोज ७ ची देखभाल संपली, तेव्हा आम्हीही विंडोज १० घेण्याचे ठरविले. संक्रांत उरकल्यावर, १६ तारखेच्या सायंकाळी, एका कारागिरास बोलाविले. आमचे यंत्र ३२ बिटांच्या जुन्या प्रणालीवर चालत असे. तेथून ६४ बिटांच्या प्रणालीवर जावयाचे तर वरच्यावर बदल होत नाही. नवी प्रणाली मुळापासून बसवावी लागते. त्यासाठी डिस्क पुसावी लागेल, असे कारागिराने सांगितले व विचारले, "नक्कल आहे ना?" आम्ही मोठ्या विश्वासाने होय म्हटले. कारण आमचे दिवाणजी रोज सायंकाळी दिवाबत्तीच्या वेळी हिशेबाची नक्कल एका पेन ड्राइव्हवर घेत, व तो ड्राइव्ह तिजोरीत ठेवीत. तीन वर्षांत त्यांचा हा नेम एकही दिवस चुकला नव्हता.

डिस्क पुसली गेली, नवी प्रणाली बसली, हिशेबाची प्रणाली चढली. मग पेन ड्राइव्ह लावला, तेव्हा त्यावर अवघ्या दोन किलोबाइटांची एक फाइल निघाली. दिवाणजी रोज जी वस्तू उचलून पेन ड्राइव्हवर ठेवीत, ती हिशेबाची माहिती नव्हती. पडद्यावरील ते केवळ माहितीकडे नेणारे चिन्ह होते. म्हणजे वखारीतला माल नव्हे, तर वखारीच्या दारावरची पाटी आम्ही तीन वर्षे तिजोरीत जपून ठेवीत होतो.

यात दोष दिवाणजींचा नव्हता, हे आम्ही येथे स्पष्ट नमूद करतो. त्यांस जसे दाखविले तसे त्यांनी केले. ती नक्कल एकदाही उघडून पाहिली नाही, हा दोष मालकाचा, म्हणजे आमचा. चार दिवसांवर, २० तारखेस, जीएसटीचे विवरणपत्र भरावयाचे होते. लेखापरीक्षकांकडे ३१ मार्च २०१९ अखेरची प्रत होती, म्हणून मागील वर्षे वाचली. चालू वर्षातील नोंदणीकृत ग्राहकांची बिले, दरमहा भरलेल्या जीएसटीआर-१ मध्ये एकेक करून नोंदविलेली असल्याने तेथून परत मिळाली. परंतु खानापूर, चंदगड व आसपासच्या खेड्यांतील जे छोटे दुकानदार नोंदणीकृत नाहीत, त्यांची विक्री त्या विवरणपत्रात एकत्रित रकमेनेच जाते. आणि कोणी किती जमा केले, याची नोंद तर तेथे मुळीच नसते. साडेनऊ महिन्यांची ती उधारी कागदोपत्री नाहीशी झाली.

आम्हांस तारले ते दिवाणजींच्या कच्च्या वहीने. संगणक आला तरी रोजची रोख जमा एका वहीत टिपून ठेवण्याची सवय त्यांनी सोडली नव्हती. ती वही घेऊन ते व आमचे धाकटे बंधू बाजाराच्या दिवशी गावोगाव गेले. दुकानदारांनी आपापल्या वह्या समोर ठेवल्या. एका वृद्ध गृहस्थांनी तर आमच्या अंदाजाहून अधिक रक्कम स्वतः होऊन सांगितली, व म्हणाले, "शेठजी, तुमचं यंत्र विसरलं असंल, आमाला याद हाय." बहुतेक खाती जुळली. काही जुळली नाहीत. ती आम्ही सोडून दिली, कारण पुरावा नसता कोणाकडे रक्कम मागणे आम्हांस उचित वाटले नाही. दोन महिने गेले, झोप गेली, परंतु माणसांची ओळख पटली. या अनुभवानंतर आम्ही जी कामे क्रमाने करू लागलो, ती पुढे देत आहो.

पहिले काम : नक्कल आणि तिची पारख

कार्यप्रणालीस हात लावण्यापूर्वी माहितीच्या तीन प्रती असाव्यात. एक यंत्रावर, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि तिसरी पेढीबाहेर; घरी, लेखापरीक्षकांकडे किंवा मेघसाठ्यात, ज्यास क्लाउड म्हणतात. यांपैकी निदान एक प्रत कोणत्याही यंत्रास किंवा जाळ्यास जोडलेली नसावी.

या शेवटच्या अटीचे महत्त्व एका मोठ्या उदाहरणावरून ध्यानी येईल. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' नावाचा विध्वंसक विषाणू पसरला. त्याचा उगम युक्रेनमधील एका कर-हिशेबाच्या प्रणालीला पाठविलेल्या सुधारणेतून झाला. मर्स्क या जगड्व्याळ जहाज कंपनीचे संगणक त्यात सापडले, व आपल्या न्हावाशेवा बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे कामही अडून बसले. कंपनीच्या जाळ्याची गुरुकिल्ली ज्या यंत्रांवर होती, ती यंत्रे परस्परांची नक्कल ठेवीत असत. परंतु ती सारीच एकमेकांस जोडलेली असल्याने जवळजवळ सारीच एकदम पुसली गेली. घाना देशातील एक यंत्र मात्र त्या वेळी वीज गेल्यामुळे जाळ्यातून तुटलेले होते. तेवढे वाचले, आणि त्यावरून पुढची उभारणी झाली. जे त्यांस दैवयोगाने लाभले, ते आपण हार्ड डिस्कची वायर काढून रोज साधू शकतो.

येथे एक सावधगिरी. वनड्राइव्हसारख्या सोयीत यंत्रावरील माहिती मेघसाठ्याशी सतत जुळती ठेवली जाते. ती उपयुक्त आहे. परंतु यंत्रावर फाइल पुसली की तेथूनही ती निघून जाते, व ठरावीक मुदतीनंतर परतही मिळत नाही. यास्तव तेवढ्यावर विसंबू नये.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पारख. नक्कल दुसऱ्या संगणकावर नेऊन उघडावी. एका ग्राहकाचे खाते काढून कालची शेवटची नोंद पाहावी. तेरीज अर्थात् ट्रायल बॅलन्स काढून तो मूळ यंत्रावरील आकड्यांशी ताडून पाहावा. दोन्हीकडचा ताळा जुळला तरच नक्कल झाली असे समजावे. यात फार तर अर्धा तास जातो.

दुसरे काम : मोजदाद

वर्षअखेर आपण मालाची मोजदाद करतो, तद्वत बदलापूर्वी संगणकाची मोजदाद एका कागदावर लिहून काढावी.

प्रथम यंत्र. विंडोज ११ साठी निदान ४ जीबी स्मृती व ६४ जीबी साठा लागतो. सुखाने काम व्हावयाचे तर ८ जीबी स्मृती असावी, असा आमचा अनुभव आहे. प्रोसेसर कंपनीच्या मान्य यादीतील असावा लागतो. इंटेलच्या बाबतीत साधारणतः आठव्या पिढीपासूनचे त्यात येतात. शिवाय सिक्युअर बूटची क्षमता व टीपीएम २.० ही सुरक्षेची चकती लागते. पुष्कळदा ही सोय यंत्रात असून केवळ बंद ठेवलेली असते. म्हणून "तुमचे यंत्र चालणार नाही, नवे घ्या," असे कोणी म्हणताच लगेच थैली सोडू नये. मायक्रोसॉफ्टची 'पीसी हेल्थ चेक' नावाची मोफत प्रणाली चालवून आधी खात्री करून घ्यावी.

नंतर जोडयंत्रे. जुने डॉट मॅट्रिक्स छपाईयंत्र, बारकोड वाचणारे यंत्र, सिरियल तारेने जोडलेला वजनकाटा, यांस प्रत्येकास ड्रायव्हर नावाचा दुभाषी लागतो. नव्या कार्यप्रणालीसाठी तो उपलब्ध आहे की नाही, हे उत्पादकाच्या संकेतस्थळावर आधी पाहून तो उतरवून ठेवावा. डिजिटल सहीच्या टोकनचेही तसेच. टोकनमधील सहीची नक्कल काढता येत नाही. परंतु त्याचा ड्रायव्हर नव्याने बसविला नाही, तर विवरणपत्रावर सही होणार नाही.

नंतर प्रणाली. विंडोज ११ ची ३२ बिटांची आवृत्तीच नाही. डॉसच्या काळातील एखादी हिशेबाची किंवा सावकारी खात्याची प्रणाली काही पेढ्यांवर अजून चालू आहे. ती ६४ बिटांच्या विंडोजवर सरळ चालत नाही. हिशेबाच्या प्रणालीची आवृत्ती, परवान्याचा क्रमांक, तो ज्या ई-मेलवर नोंदविला तो पत्ता, व संकेतशब्द, ही सर्व टिपून ठेवावीत. हिशेबाची प्रणाली आणि कार्यप्रणाली एकाच दिवशी बदलू नये. बिघाड झाल्यास तो कोणामुळे, हे मग कळत नाही. शिवाय काही हिशेब-प्रणालींत नव्या आवृत्तीत एकदा नेलेली माहिती जुन्या आवृत्तीत पुन्हा उघडत नाही.

शेवटी आपली लिपी. श्रीलिपी, आकृती इत्यादींच्या जुन्या मराठी व कानडी टंकांत लिहिलेली पत्रे, सभासदांच्या याद्या, लग्नपत्रिका, ज्या यंत्रावर तो टंक नाही तेथे निरर्थक अक्षरांची रांग होऊन दिसतात. ते टंक जपून ठेवावेत, आणि सवड होताच मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा.

तिसरे काम : दिवस ठरविणे

ज्यांस दरमहा विवरणपत्रे भरावी लागतात, त्यांनी १० ते २० तारखेच्या दरम्यान हे काम मुळीच काढू नये. मार्चअखेर, दिवाळीचा हंगाम व लग्नसराई हीही वर्ज्य. महिन्याच्या २१ तारखेनंतरचा, साप्ताहिक सुटीच्या आदल्या दिवसाचा मुहूर्त उत्तम; म्हणजे काही अडल्यास एक दिवस हाताशी राहतो. पेढीवर दोन संगणक असल्यास प्रथम एकच बदलावा, व आठ-पंधरा दिवस निर्वेध गेल्यावर दुसऱ्यास हात घालावा. त्या दिवसासाठी छापील बिलबुक व एक कोरी वही काढून ठेवावी. दुकान बंद ठेवण्याचे कारण पडू नये.

प्रत्यक्ष बदल

विंडोज १० चा अस्सल परवाना असलेल्या व पात्र ठरलेल्या यंत्रास विंडोज ११ विनामूल्य मिळते. ज्यांच्याकडे फुकटची चोरटी प्रत बसविलेली आहे, त्यांनी ही संधी साधून अस्सल परवाना घ्यावा. ज्या अनोळखी माणसाने कुलूप फुकट बसवून दिले, त्याच्याजवळ त्याची दुसरी किल्ली नसेलच असे कोणी सांगावे?

काम चालू असता वीज जाता कामा नये, यास्तव यूपीएस भारित आहे याची खात्री करावी. छपाईयंत्राखेरीज अनावश्यक जोडण्या काढून ठेवाव्यात. यंत्र मध्ये दोन-चार वेळा आपोआप बंद होऊन सुरू होते. घाबरून बटण दाबू नये.

एका गोष्टीकडे विशेष लक्ष वेधतो. अलीकडच्या अनेक यंत्रांत डिस्कवरील माहिती आपोआप सांकेतिक रूपात कुलूपबंद होते. यंत्राच्या मूळ मांडणीत बदल झाल्यास ते ४८ अंकी किल्ली मागते. ती बहुधा ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने यंत्र सुरू केले, त्या खात्यात साठविलेली असते. ते खाते कारागिराच्या किंवा नोकरी सोडून गेलेल्या मुलाच्या ई-मेलवर असेल, तर आपलीच तिजोरी आपणांस उघडणार नाही. म्हणून खाते मालकाच्या नावे असावे, व ती किल्ली कागदावर लिहून खऱ्या तिजोरीत ठेवावी.

वरच्यावर केलेला बदल न मानवल्यास सामान्यतः १० दिवसांच्या आत जुन्या प्रणालीवर परतता येते. यास्तव त्या दहा दिवसांत बिल, विवरणपत्र, डिजिटल सही, बँकेचे व्यवहार व छपाई, सर्व एकदा करून पाहावे. आणि जागा मोकळी करण्याच्या भरात जुन्या प्रणालीचा साठा पुसू नये.

यंत्र पात्र नसल्यास

अशा वेळी चार मार्ग दिसतात. मायक्रोसॉफ्टने सशुल्क वाढीव देखभाल जाहीर केली होती. व्यवसायांसाठी पहिल्या वर्षी दर यंत्रामागे ६१ डॉलर, पुढे दर वर्षी दुप्पट, व अधिकाधिक तीन वर्षे. घरगुती यंत्रांसाठीची स्वस्त अथवा विनामूल्य योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत असल्याचे तेव्हा जाहीर झाले. परंतु पेढीचे यंत्र घरगुती म्हणून दाखविणे प्रामाणिकपणाचे नव्हे. दुसरा मार्ग नव्या यंत्राचा. तिसरा मार्ग उबुंटूसारख्या विनामूल्य लिनक्स प्रणालीचा. पत्रव्यवहार, ई-मेल व मुलांचा अभ्यास यांस ती उत्तम, परंतु टॅलीसारखी विंडोजवरची प्रणाली तीवर सरळ चालत नाही. चौथा मार्ग आम्ही स्वतः योजला आहे. जुने यंत्र इंटरनेटपासून कायमचे तोडून केवळ जुन्या वह्या पाहण्यापुरते ठेवले आहे. जीएसटीच्या कायद्याप्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. तोवर ते उघडता येणे अगत्याचे आहे. यंत्र मोडीत काढताना त्याची डिस्क काढून घ्यावी अथवा नीट पुसावी. ग्राहकांची खाती भंगारवाल्याच्या हाती जाऊ नयेत.

समारोप

आमचे दिवाणजी आता निवृत्त झाले आहेत. त्यांच्या जागी आलेला तरुण हुशार असून संगणकात तरबेज आहे. तरीही दर शनिवारी सायंकाळी आम्ही त्यास नक्कल दुसऱ्या यंत्रावर उघडून एक खाते दाखवावयास लावतो. कोणते खाते, ते आम्ही ऐन वेळी सांगतो. प्रथम तो हसत असे. आम्ही त्यास तिजोरीतील तो जुना पेन ड्राइव्ह दाखविला, दोन किलोबाइटांच्या फाइलीसह. तेव्हापासून तो सांगण्याची वाट न पाहता स्वतःच उघडून दाखवितो.

सभासद बंधुभगिनींनी आपल्या पेढीवरील नक्कल याच आठवड्यात एकदा उघडून पाहावी, आणि मगच कार्यप्रणालीच्या बदलाचा दिवस ठरवावा, इतकी नम्र विनंती करून हा लेख पुरा करतो.